खोट्या खड्यांचे खरे तेज

दलित साहित्याची चळवळ उभी राहत होती तेव्हा आपण अमेरिकेतील काळ्या लेखकांकडे पाहिले. डॉ. म. ना. वानखेडे यांनी तिकडच्या निग्रो साहित्याचा दाखला देऊन आपल्या लेखकांना स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवायला सांगितले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याची आणि संस्कृतीची मराठी वाचकाला सविस्तर ओळख करून दिली. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव दिले, ते ब्लॅक पँथरांवरून. त्याही आधी, १९४६ मध्ये, खुद्द बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य नोंदवले होते. म्हणजे हे नाते जुने आहे.

परंतु या नात्यातून आपण काय घेतले आणि काय तिकडेच राहू दिले, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. आपण कविता घेतली, आत्मकथन घेतले, उगारलेली मूठ घेतली. चित्रकला जवळजवळ घेतली नाही. काळ्या स्त्रीची बैठकीची खोली, तिचा आरसा, तिचे दागिने, तिचे प्रेम याकडे तर आपले लक्षच गेले नाही. आणि त्या प्रेमाचे माणूस दुसरी स्त्री असेल, तर त्यासाठी आपल्या समीक्षेजवळ शब्दसुद्धा नाही. मिकलीन थॉमस या अमेरिकन चित्रकर्तीविषयी मी लिहिते आहे, ते या कारणासाठी.

आधीच सांगते, तिची मूळ चित्रे मी पाहिलेली नाहीत. पुस्तकांतील छपाई आणि संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रे, एवढेच माझे साधन. या चित्रांच्या बाबतीत ही अडचण मोठी आहे. त्यांच्यावर हजारो खडे चिकटवलेले असतात, आणि खडा छापता येत नाही. पाहणारा हलला की खडा लकाकतो. कागदावर त्याचा नुसता ठिपका उरतो. तरीही चित्राची रचना, त्यातील माणसे, त्यांची बसण्याची रीत आणि त्यांची नजर छपाईतूनही पोचते. माझे म्हणणे मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

१

मिकलीन थॉमसचा जन्म १९७१ साली न्यू जर्सी राज्यातील कॅमडेन येथे झाला. आई सँड्रा बुश ही सहा फूट एक इंच उंचीची देखणी स्त्री. १९७० च्या दशकात तिने मॉडेल म्हणून काम केले. तिने आपल्या दोन्ही मुलांना शाळा सुटल्यावर न्यूअर्कच्या संग्रहालयातील कलेच्या वर्गांना पाठवले, आणि त्यांना बौद्ध संस्कारांत वाढवले. हे वाचून आपल्या वाचकाला आपुलकी वाटेल. परंतु त्या चित्रांचे मोठेपण मी त्यावरून ठरवणार नाही. घर सुखाचे नव्हते. आईबापांना अमली पदार्थांचे व्यसन होते. वाढत्या वयात मुलीला आपला ओढा स्त्रियांकडे आहे हे उमगू लागले, आणि मायलेकींत ताण आला. मुलगी दूर ओरेगन राज्यातील पोर्टलंडला गेली. तिथे कायद्याच्या शिक्षणाची पूर्वतयारी करू लागली. १९९४ साली तिथल्या संग्रहालयात तिने कॅरी मे वीम्स या काळ्या छायाचित्रकर्तीचे काम पाहिले. स्वयंपाकघरातले एक टेबल, वर एक दिवा, आणि त्या टेबलाशी एका काळ्या स्त्रीचे सगळे आयुष्य. घरातल्या टेबलाएवढ्या जागेतूनही कला उभी राहते हे तिथे दिसले आणि वाट बदलली. पुढे ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेतून २००० साली पदवी आणि येल विद्यापीठातून २००२ साली पदव्युत्तर पदवी.

तेव्हा थॉमसला रूढ अर्थाने स्वयंशिक्षित म्हणता येणार नाही. पण हा शब्द इथे थोडा तपासला पाहिजे. अमेरिकेच्या कलाजगताने कित्येक काळ्या चित्रकारांसाठी 'स्वयंशिक्षित' असे एक वेगळे दालनच करून ठेवले आहे. बिल ट्रेलर हे त्यातले गाजलेले नाव. हा माणूस अलाबामात गुलाम म्हणून जन्मला आणि ऐंशी ओलांडल्यावर माँटगोमेरीच्या रस्त्याकडेला बसून टाकाऊ पुठ्ठ्यांवर चित्रे काढू लागला. चित्रे थोर आहेत. परंतु 'स्वयंशिक्षित' म्हणताना कौतुकाबरोबर एक कुंपणही पडते. याच्याजवळ प्रतिभा आहे, परंपरा नाही, असे त्यातून सुचवले जाते. आपल्या आत्मकथनांनाही हेच सांगण्यात आले होते. अनुभव जळजळीत आहे, पण कलाकृती म्हणून काय? ज्याला शाळेच्या दारात उभे केले नाही, त्याचे शाळेबाहेर शिकणे हे शिकणेच नव्हे, असा हा न्याय आहे.

थॉमसची गोष्ट याच्या उलट बाजूने बोलकी आहे. ती येलला गेली, पण जाताना दाराबाहेर काही ठेवून गेली नाही. प्रॅटमध्ये शिकत असताना तैलरंग परवडत नसत. म्हणून तिने हस्तकलेच्या दुकानातले स्वस्त सामान आणले. चमकी, लोकर, फेल्टचे कापड, खडे. घरोघरच्या बायका ज्यांनी कपडे आणि भेटकार्डे सजवतात, तेच हे सामान. पुढे पैसे आले, नाव झाले, तरी खडा राहिला. गरजेपोटी हाती आलेली वस्तू तिने शैली म्हणून टिकवली. ज्यांच्या घराण्यात पदवी प्रथमच आली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगायला नको. विद्यापीठात शिरताना घरची भाषा, घरची भांडी, घरचे रंग लपवायचे असतात हे आम्ही कोणी न सांगता शिकलो. थॉमसने ते लपवले नाहीत. तिने त्यांना बारा-बारा, चोवीस-चोवीस फुटांच्या फळ्यांवर चढवले.

२

तिची काम करण्याची पद्धत समजून घेतली पाहिजे. ती आधी आपल्या कार्यशाळेत एक खोलीच उभी करते. भिंतीला लाकडाचा भास देणारे तक्ते, नाना तऱ्हेच्या छापील कापडांचे तुकडे जोडून मढवलेला सोफा, रंगीत सतरंजी, कुंडीतली झाडे. १९७० च्या दशकातल्या एका साध्या काळ्या कुटुंबाची ही बैठकीची खोली. त्या खोलीत ती एखाद्या ओळखीच्या स्त्रीला नटवून बसवते आणि छायाचित्र घेते. ते छायाचित्र कापते, तुकडे पुन्हा जोडते. मग मोठ्या लाकडी फळीवर ॲक्रिलिक आणि इनॅमल रंगांत चित्र रंगवते, आणि शेवटी त्यावर खडे बसतात. केसांच्या गोल झुबक्यावर, पापण्यांवर, ओठांवर, अंगरख्याच्या नक्षीवर. तुकड्यांचे सांधे ती झाकत नाही. चेहऱ्याचा एक भाग रंगाचा, दुसरा छायाचित्राचा, आणि मधली कात्रीची रेघ स्पष्ट.

आमच्या घरातली वाकळ अशीच असते. कुणाचे लुगडे, कुणाचे धोतर, कुणाचा सदरा, सगळे एकत्र टाचलेले आणि प्रत्येकाची ओळख शाबूत. काळ्या स्त्रियांचीही गोधडीची परंपरा मोठी आहे. अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील स्त्रियांनी जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, तेव्हा कुठे समीक्षकांना त्यांत रंगरचना दिसली. थॉमसचा सोफा त्या गोधड्यांच्या नात्यातला आहे.

आता खडा. इंग्रजीत त्याला ऱ्हाइनस्टोन म्हणतात. आपल्याकडे तो जत्रेतल्या कुड्यांत, बेंटेक्सच्या हारात, लग्नाच्या पोलक्यावर असतो. तो हिऱ्याची नक्कल करतो आणि ही नक्कल कोणापासून लपत नाही. अभिरुचिसंपन्न म्हणवणारा वर्ग त्याला भडक म्हणतो. भडक हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. आपले रंग भडक, आपली गाणी भडक, आपल्या जयंतीची रोषणाई भडक. पण भडक कुणी ठरवायचे? साधेपणा ही ज्याची निवड आहे त्याला साधेपणाचे सौंदर्य कळते. ज्याच्यावर तो कायद्याने लादला गेला, त्याने काय करावे?

'कायद्याने' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. १७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांचा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे गुलामांसाठी एक कठोर कायदा आला. गुलामाने कोणते जाडेभरडे, स्वस्त कापड वापरावे, हे त्यात सांगितलेले होते. १७८६ साली न्यू ऑर्लिन्सवर स्पॅनिश अंमल असताना गव्हर्नर मिरो याने फर्मान काढले की काळ्या आणि मिश्र वंशाच्या स्वतंत्र स्त्रियांनी केसांत पिसे आणि रत्ने घालू नयेत, डोके फडक्याने बांधावे. त्या स्त्रियांनी डोके बांधले. पण फडके घेतले ते भरजरी, रंगीत, आणि बांधले ते असे डौलदार की हीनपणाची खूण म्हणून दिलेले वस्त्र शहराची फॅशन होऊन बसले. फर्मान पाळलेही गेले आणि हरलेही. थॉमसच्या चित्रातल्या केसांवरचा प्रत्येक खडा मला या फर्मानाला दिलेले उत्तर वाटतो.

इथे आपल्या वाचकाच्या मनात महाड येईल. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीच्या दहनानंतर बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशा रीतीने लुगडे नेसू नका, वरच्या वर्गातल्या स्त्रिया नेसतात तसे नेसा, अंगावरचे ते कथलाचे आणि चांदीचे ओझे उतरवा, असे त्यांनी सांगितले. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, असेही त्यांनी सांगितले. स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले.

मग बाबासाहेब दागिने उतरवायला सांगतात आणि थॉमस खोटे खडे चढवते, यात विरोध नाही काय? वरवर आहे. परंतु कथलाची वाळी आणि गुलामाचे जाडे कापड ही दोन्ही व्यवस्थेने अंगावर मारलेली शिक्के होती. त्यांचे काम नटवण्याचे नव्हते, ओळख पटवण्याचे होते. बाबासाहेबांनी शिक्का उतरवायला सांगितला. सोन्याला त्यांनी नकार दिला नाही. अंगावर काय घालायचे हे घालणारीने ठरवायचे, हा त्या भाषणाचा गाभा होता. थॉमसचा खडा स्वतःच्या मर्जीने घातलेला आहे, आणि तो खोटा आहे हे ती लपवत नाही. म्हणून त्याला शिक्क्याचे ओझे नाही.

३

थॉमसचे सर्वांत गाजलेले चित्र २०१० सालचे आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या उपाहारगृहाच्या खिडकीसाठी ते करवून घेतले. मूळ छायाचित्र त्याच संग्रहालयाच्या शिल्पबागेत घेतले होते. चित्राला आधार आहे एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या १८६३ च्या 'गवतावरील भोजन' या चित्राचा. मानेच्या चित्रात दोन पुरुष पूर्ण कपड्यांत गवतावर बसले आहेत, त्यांच्याजवळ एक स्त्री पूर्ण विवस्त्र बसली आहे, आणि मागे एक स्त्री पाण्यात वाकली आहे. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने ते नाकारले आणि त्यावरून गदारोळ झाला. थॉमसने बसण्याच्या त्याच ढबी घेतल्या, पण तिथे बसवल्या तीन काळ्या स्त्रिया. तिघी अंगभर कपड्यांत, भरगच्च नक्षीच्या झग्यांत. तिघी सरळ आपल्याकडे पाहतात. चित्रात पुरुष नाही. त्याची उणीव भासत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. गोऱ्या उस्तादाची चौकट घेऊन त्यात काळी माणसे बसवली, यात नवीन काय? ही नक्कल नव्हे काय? या आक्षेपाला चित्रकलेच्या इतिहासातच उत्तर आहे. मानेने आपल्या चित्रातल्या बैठका राफाएलच्या एका रचनेवरून रायमोंदीने कोरलेल्या चित्रातून उचलल्या होत्या. गोऱ्या माणसाने उचलले तर परंपरा, काळ्या बाईने उचलले तर नक्कल! आपल्याकडेही छंद आणि वृत्ते हाताळणाऱ्या दलित कवीला 'हे तर तुमचे नव्हे' असे ऐकवले गेलेच. महाडच्या स्त्रियांनी ज्या तऱ्हेने लुगडे नेसले ती तऱ्हा आदल्या दिवसापर्यंत सवर्ण स्त्रियांची होती. दुसऱ्या दिवशी ती नुसती लुगडे नेसण्याची एक तऱ्हा झाली, कारण तिच्यावरची मालकी संपली. थॉमसने मानेचे नेमके हेच केले आहे. ती त्याच्या पंगतीत जागा मागायला गेलेली नाही. ती पंगत कुणाच्या मालकीची नाही, एवढेच तिने दाखवले.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ती आहे बसण्याची. मानेच्याच 'ऑलिंपिया' या १८६३ च्या चित्रात पलंगावर एक गोरी स्त्री पहुडलेली आहे आणि तिच्यामागे फुलांचा गुच्छ घेऊन एक काळी मोलकरीण उभी आहे. त्या मोलकरणीसाठी बसलेल्या स्त्रीचे नाव लॉर. शतकाहून अधिक काळ समीक्षक पलंगावरच्या स्त्रीवर लिहीत राहिले, उभ्या असलेल्या स्त्रीवर कोणी फारसे लिहिले नाही. डेनीस मरेल या काळ्या अभ्यासक स्त्रीने या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर प्रदर्शन उभे केले. ते पुढे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात गेले. तेव्हा लॉर प्रथमच चित्राच्या मध्यभागी आली.

युरोपच्या चित्रांत काळी स्त्री बहुधा उभी आहे. हातात ताट, पंखा, गुच्छ. थॉमसच्या चित्रांत ती बसली आहे, रेलली आहे, पाय वर घेऊन पहुडली आहे. तिच्या हातात कुणासाठी काही नाही. आपल्या गावांत कोणी कुणापुढे बाजेवर बसायचे, कोणी जमिनीवर, कोणी उभेच राहायचे, याचे नियम ज्यांनी अंगावर वागवले त्यांना या बसण्याचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. खुर्चीवर बसला, घोड्यावर बसला, म्हणून आपल्या माणसांनी मार खाल्ला आहे. एखादी काळी बाई सोफ्यावर रेलून निवांत आपल्याकडे पाहते, एवढ्यात किती इतिहास उलटलेला असतो! तिच्या चित्रांत कष्ट दिसत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्याने ही उसंत आधी पाहावी. कष्टकऱ्याला विसावा घेताना पाहण्याची सवय कलेला नाही आणि समाजालाही नाही.

४

आता प्रेमाविषयी. थॉमस समलिंगी आहे आणि ते ती उघडपणे सांगते. आजची 'क्विअर' ही व्यापक संज्ञा तिला लागू पडते. ज्यांना ती रंगवते त्यांत तिची आई आहे, मैत्रिणी आहेत, तिच्या प्रेयसी आहेत. म्हणजे या स्त्रियांकडे पाहणारी नजर एका स्त्रीची, आणि स्त्रियांवर प्रेम करणारीची आहे. याने चित्रात काय बदलते?

गुस्ताव कुर्बे या फ्रेंच चित्रकाराने १८६६ साली 'निद्रा' नावाचे चित्र काढले. एका पलंगावर दोन स्त्रिया परस्परांच्या मिठीत झोपल्या आहेत. हे चित्र खलील बे या तुर्की मुत्सद्द्याने आपल्या खाजगी संग्रहासाठी काढवून घेतले होते. दोन स्त्रियांचे प्रेम, पण ते एका पुरुषाने दार लावून पाहण्यासाठी. थॉमसने याच चित्रावरून दोन काळ्या स्त्रियांचे 'निद्रा' रचले. इथे बंद खोली नाही. तुकड्यातुकड्यांच्या आकाशाखाली, झाडापाण्याच्या मोकळ्या जागेत त्या दोघी झोपल्या आहेत. हे प्रेम आता कुणाच्या खाजगी दालनातले गुपित नाही, आणि त्याला बाहेरच्या माणसाची गरजही नाही.

मात्र तिच्या विवस्त्र चित्रांपुढे मी अडखळते. 'अ लिटल टेस्ट आउटसाइड ऑफ लव्ह' या २००७ सालच्या चित्रात एक काळी स्त्री जुन्या युरोपीय चित्रांतल्या दासींच्या ढबीत पहुडली आहे. रंग देखणे आहेत, नजर ताठ आहे. पण विवस्त्र काळ्या स्त्रीचा इतिहास सोपा नाही. दक्षिण आफ्रिकेतील सार्टजी बार्टमन या स्त्रीला १८१० पासून लंडनमध्ये आणि मग पॅरिसमध्ये तिचे शरीर दाखवण्यासाठी उभे केले गेले. १८१५ साली ती वारली, तरी तिच्या देहाचे अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात मांडले गेले. ते मायदेशी परतले २००२ साली. आपल्याकडे मुरळी आणि जोगतीण यांच्या शरीरावर गावाचा हक्क धर्माच्या नावाने सांगितला गेला. अशा शरीराला पुन्हा विवस्त्र रंगवताना चित्रकर्तीची नजर प्रेमाची असली, तरी पाहणाऱ्याची तशी असेलच याची हमी चित्र देऊ शकत नाही. लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरची मालकी संपवता येते. विवस्त्र पहुडण्याची ढब मात्र मुळातच विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी घडलेली आहे, ती इतक्या सहजी सुटत नाही. म्हणून मला वाटते, थॉमसची खरी ताकद तिने कपडे घालून बसवलेल्या स्त्रियांत आहे. तिथे नटणे हेच बोलणे आहे.

आपल्या चळवळीला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्याचा विषय होता, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधही होते. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ खालील समलिंगी संबंधांचा गुन्हा रद्द केला. त्या निकालात बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नैतिकतेच्या विचाराचा आधार घेतलेला आहे. म्हणजे या माणसांची बेडी तुटली ती बाबासाहेबांच्या शब्दाने. आणि आपल्या वस्तीत, आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत अशा मुलीला किंवा मुलाला आपण काय देतो? बहुतेक वेळा टिंगल, आणि फार तर मौन. 'हे उच्चवर्णीयांचे चोचले' असे म्हणून आपण विषय संपवतो. काळ्या चळवळीतही 'हे गोऱ्यांचे खूळ' असे म्हणणारे होते. मिकलीन थॉमसच्या चित्रांतल्या स्त्रिया काळ्या अधिक आहेत की क्विअर अधिक, असे विचारणे व्यर्थ आहे. त्या एकाच सोफ्यावर एकाच शरीराने बसल्या आहेत.

५

शेवटचा आक्षेप आपल्या साहित्यशास्त्राच्या अंगाने येईल, आणि तो गंभीर आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथात आनंदवादी सौंदर्यकल्पना दलित साहित्याला लागू पडत नाही, अशी भूमिका मांडली आहे. वेदना वाचून आनंद कसा व्हावा? वाचक अस्वस्थ झाला पाहिजे. ही भूमिका योग्य होती आणि तिचे काम अजून संपलेले नाही. परंतु तिच्यातून न कळत एक अपेक्षा तयार झाली. दलित माणसाने जखम दाखवावी, आणि दलित स्त्रीने तर फक्त जखमच दाखवावी. ऊर्मिला पवार यांनी 'आयदान'मध्ये स्त्रीच्या शरीरसुखाविषयी मोकळेपणाने लिहिले तेव्हा कित्येकांना जे खटकले, त्याच्या मुळाशी ही अपेक्षा होती. प्रस्थापित समाजाला आपले दुःख वाचायला आता आवडू लागले आहे. आपला आनंद मात्र त्याला अजून उद्धटपणा वाटतो. असे असेल तर आनंदातही विद्रोह आहे, हे मान्य करावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, हा आनंद दुःख विसरणारा आहे. त्याने थॉमसचा २०१२ सालचा लघुपट पाहावा. त्याचे नाव 'हॅपी बर्थडे टु अ ब्यूटिफुल वुमन'. तो तिच्या आईवर आहे. सहा फुटांची ती देखणी बाई आता आजाराने खंगलेली आहे, आणि कॅमेऱ्यापुढे बसून आपल्या रूपाविषयी, संसारातल्या मारझोडीविषयी, व्यसनाविषयी, लेकीविषयी बोलते. त्यानंतर थोड्याच काळात ती वारली. हा लघुपट पाहिल्यावर आईची खड्यांनी मढलेली चित्रे निराळी दिसू लागतात. ज्या बाईला आयुष्याने इतके झिजवले तिला लेकीने खड्यांनी सजवले, आणि ते करताना झिजणेही नोंदून ठेवले. दोघींमधला जुना ताण चित्र काढता काढता निवळत गेला. उत्सवाला स्मरणशक्ती असते ती अशी.

तरी एका ठिकाणी माझा विरोध राहतोच. जानेवारी २०२३ मध्ये पॅरिसच्या दिओर या कंपनीच्या महागड्या कपड्यांच्या सादरीकरणासाठी थॉमसने सभागृह सजवले. जोसेफीन बेकर आणि इतर काळ्या स्त्री-कलावंतांच्या भव्य प्रतिमा भिंतींवर, आणि खालून चालतात ते जगातल्या मूठभरांना परवडणारे कपडे. इथे खड्याचा अर्थ पालटतो. जो खडा हिऱ्याच्या मिजाशीची थट्टा करत होता, तो आता हिऱ्याच्या दुकानाची रोषणाई होतो. बाजार विद्रोहाला बंदी घालत नाही, त्याला विकत घेतो, हे आपणही आपल्या काही लेखकांच्या बाबतीत पाहिले आहे. परंतु दोष कलावंताच्या पदरात टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. २०२४ साली लॉस एंजलिसच्या ब्रॉड संग्रहालयात तिच्या वीसेक वर्षांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. पुढे ते फिलाडेल्फियाला आणि लंडनला गेले. बेल हुक्स या काळ्या विचारवंत स्त्रीच्या ग्रंथावरून त्याला नाव दिले होते, 'ऑल अबाउट लव्ह'. प्रेम ही हुक्स यांच्या दृष्टीने नुसती भावना नव्हे, ती न्यायाची कृती आहे. थॉमसची चित्रे या कसोटीवर घासावीत. जिथे ती आपल्या माणसाला सन्मानाने बसवतात तिथे ती टिकतात. जिथे ती दुसऱ्याच्या वैभवाची आरास होतात तिथे खडा नुसता खडा उरतो.

आपल्या चित्रकारांनी, लेखकांनी यातून खडे उचलावेत असे मी सुचवत नाही. आपल्याजवळ आपले पुष्कळ आहे. वाकळ आहे, कागदी फुले आणि पताका आहेत, चौदा एप्रिलची रोषणाई आहे, लग्नातल्या फोटोमागचा रंगवलेला पडदा आहे. हे सगळे आपण कलेच्या दाराबाहेर ठेवतो, कारण ते भडक आहे असे आपल्याला शिकवले गेले. जखमेइतकेच हेही आपले वास्तव आहे. स्वतःच्या मर्जीने नटलेली, स्वतःच्या मर्जीने प्रेम करणारी आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून निवांत बसलेली आपली बाई आपल्या साहित्यात आणि चित्रांत अजून पुरती आलेली नाही. ती येईल. तिच्या शेजारी तिची सखीही येईल. त्या वेळी 'हे दलित साहित्य आहे काय?' असे विचारायला आपणच पुढे सरसावू नये, एवढी तयारी आपल्या समीक्षेने आजपासून ठेवावी.